पाळी थांबते, पाऊल थांबू नये

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

 घरातले पुरुषही हे भाषण ऐकत असतील. विषय बायकांचा आहे म्हणून रेडिओ बंद करू नका. ज्या घरात पंचेचाळिशीची बाई आहे, त्या घरातल्या प्रत्येकाचा हा विषय आहे.

आपल्या भाषेत 'ऋतू' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक ऋतू निसर्गातला, उन्हाळा-पावसाळ्याचा. दुसरा बाईच्या शरीरातला. मुलीला पहिल्यांदा पाळी आली की जुन्या बायका 'ऋतुप्राप्ती झाली' म्हणायच्या. तिला नवं लुगडं नेसवायचं, मखरात बसवायचं, ओटी भरायची, गोडधोड करायचं. येणाऱ्या ऋतूचं एवढं कौतुक! पण तोच ऋतू तीस-पस्तीस वर्षांनी जायला निघतो तेव्हा घरात कुणी काही बोलत नाही. फार तर स्वयंपाकघरात एक जाऊ दुसरीला हळूच सांगते, "तिचं बंद झालं बरं का." झालं, एवढ्यावर विषय संपतो.

तो तसा संपू नये म्हणून आज बोलायचं आहे. रजोनिवृत्तीच्या काळात झाडापेडांत चालण्याचा काय उपयोग होतो, काय होत नाही आणि ते जमवायचं कसं, हा माझा विषय.

आधी थोडी माहिती. सलग बारा महिने पाळी आली नाही आणि त्याला दुसरं काही कारण नाही, तर रजोनिवृत्ती झाली असं आम्ही डॉक्टर म्हणतो. पाश्चात्त्य देशांत हे वय साधारण ५१च्या आसपास असतं. आपल्याकडे ते त्याच्या चार-पाच वर्षं आधी, म्हणजे ४६-४७च्या सुमारास येतं. पण त्रास काही त्या तारखेची वाट पाहत नाही. पाळी मागेपुढे होणं, कधी दोन महिने गायब तर कधी पंधरा दिवसांत पुन्हा, असा गोंधळ त्याआधी काही वर्षं चालतो. म्हणजे हिशेब केला तर आपल्याकडची बाई चाळिशी ओलांडताच या वळणावर येते. त्याच सुमाराला मुलांची दहावी-बारावी असते, सासू-सासऱ्यांची दुखणी असतात आणि नोकरीत जबाबदारी वाढलेली असते.

या काळात बीजांडकोशातून येणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होत जातं. त्याचे परिणाम डोक्यापासून पायापर्यंत जाणवतात. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारं एक केंद्र आहे, ते हळवं होतं. जराशा उकाड्यालाही ते घाबरतं आणि छाती, मान, चेहरा यांवर एकदम गरम वाफ आल्यासारखं होतं, घाम फुटतो. झोप मोडते. सांधे धरतात. कारण नसताना रडू येतं, कारण नसताना चिडचिड होते. 'मी अशी नव्हते हो,' हे वाक्य दवाखान्यात मी जितक्या वेळा ऐकलं आहे, तितकं दुसरं कुठलंच ऐकलं नसेल. आणि जे बाईला जाणवतही नाही, तेही आतल्या आत चाललेलं असतं. हाडं विरळ होऊ लागतात. मणक्याच्या हाडांची घनता या काही वर्षांत दरवर्षी दोन टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. कमरेभोवती चरबी साठू लागते. तरुणपणी बाईला हृदयविकारापासून जे संरक्षण असतं, ते ओसरू लागतं.

मग सल्ला मिळतो, "रोज चालत जा." शेजारीण सांगते, नणंद सांगते, डॉक्टरही सांगतात. सल्ला चांगलाच आहे. पण तो देताना आपण इतकं काही कबूल करून टाकतो की आठ दिवस चालून वाफा थांबल्या नाहीत की बाई बूट माळ्यावर टाकते. म्हणून चालण्यानं काय होत नाही, ते मी आधी सांगते.

चालण्यानं गरम वाफा थांबतात, असा भक्कम पुरावा नाही. व्यायाम आणि वाफा यांवर झालेले चांगले अभ्यास एकत्र करून २०१४मध्ये तपासले गेले, तेव्हा ठाम निष्कर्ष काढण्याइतकं काही हाती लागलं नाही. काहींना बरं वाटतं, काहींना फरक पडत नाही. दुसरं, नुसत्या सपाट चालण्यानं मणक्यांची हाडं पुरेशी मजबूत होत नाहीत. आणि तिसरं म्हणजे सकाळच्या कोवळ्या उन्हातून भरपूर 'ड' जीवनसत्त्व मिळतं, ही समजूत. ते तयार करणारे किरण सकाळी सहा-सात वाजता जमिनीपर्यंत फारसे पोचतच नाहीत, ऊन चांगलं वर आल्यावर पोचतात. त्यामुळे रोज पहाटे फिरायला जाणाऱ्या बाईच्या रक्तातही 'ड' जीवनसत्त्व कमी निघू शकतं. ते तपासून, डॉक्टरांना विचारून घ्यावं.

मग चालायचं कशाला? तर त्याचीही कारणं भक्कम आहेत. अमेरिकेत पन्नास ते एकोणऐंशी वर्षांच्या, पाळी गेलेल्या ७३ हजारांहून अधिक स्त्रियांची काही वर्षं नोंद ठेवली गेली. तिचे निष्कर्ष २००२मध्ये प्रसिद्ध झाले. आठवड्याला अडीच तास झपझप चालणाऱ्या स्त्रियांमध्ये हृदयविकार आणि तत्सम आजारांचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी होता, आणि दमछाक करणारा जोरदार व्यायाम करणाऱ्यांमध्येही तो तेवढाच कमी होता. म्हणजे धावायला हवं असं नाही, झपझप चालणं पुरतं. त्याच वर्षी तिथल्या ६१ हजार परिचारिकांचा बारा वर्षांचा अभ्यासही प्रसिद्ध झाला. दुसरा कुठलाच व्यायाम न करणाऱ्या, पण आठवड्याला चार तास किंवा जास्त चालणाऱ्या स्त्रियांमध्ये खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण तासभरही न चालणाऱ्यांपेक्षा ४१ टक्क्यांनी कमी होतं. आता चालणाऱ्या बायका इतर बाबतींतही प्रकृतीला जपणाऱ्या असू शकतात, म्हणून सगळं श्रेय एकट्या चालण्याला देता येणार नाही. तरीही ज्या घरात एखाद्या आजीचं खुब्याचं हाड मोडून ती अंथरुणाला खिळली, त्या घराला हा आकडा काय सांगतो ते कळेल. सत्तरीत येणाऱ्या त्या पडण्याची तयारी किंवा बचाव पंचेचाळिशीत सुरू होतो.

आता तुम्ही विचाराल, चालायचंच तर गच्चीत चाललं, सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारल्या किंवा जिममधल्या पट्ट्यावर चाललं तर काय बिघडलं? काहीच बिघडत नाही. ज्या बाईला तेवढंच शक्य आहे तिनं तेवढं जरूर करावं. पण टेकडी, नदीकाठ, देवराई, शेताचा बांध, जवळची मोठी बाग यांतलं काही तुमच्या आवाक्यात असेल, तर तिकडे जा. कारण तिथं चालण्याबरोबर आणखी चार गोष्टी फुकट मिळतात.

पहिली गोष्ट उजेड. घरात ट्यूबलाइटचा उजेड काही शे लक्स असतो. बाहेर आकाश ढगाळ असलं तरी सकाळी तो काही हजार असतो. हा सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की शरीरातलं घड्याळ लागतं आणि रात्री वेळेवर झोप यायला मदत होते. या वयात झोप सगळ्यात आधी रुसते, त्यामुळे हा लाभ छोटा नाही. कोवळ्या उन्हाचं खरं काम हे आहे.

दुसरी गोष्ट पायाखालची वाट. टेकडीची वाट सपाट नसते. कुठे दगड, कुठे मूळ, कुठे चढ. पाऊल दर वेळी थोडं वेगळं पडतं, घोट्याचे आणि मांड्यांचे स्नायू कामाला लागतात, तोल सावरायची सवय राहते. चढावर मांडीला आणि खुब्याला जे काम पडतं, ते गच्चीत पडत नाही. पुण्यात पर्वतीच्या पायऱ्या चढणाऱ्या साठीपुढच्या बायका पाहा. त्यांतल्या कित्येकींनी जिमचं दारही पाहिलेलं नसेल.

तिसरी गोष्ट मनाची. अमेरिकेतल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या जुन्या नोंदी रॉजर उलरिच या संशोधकानं तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. १९८४मध्ये हे प्रसिद्ध झालं. २०१५मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी काही लोकांना दीड तास झाडाझुडपांत चालवलं, काहींना वाहत्या रस्त्याच्या कडेनं. झाडांत चाललेल्यांच्या मनात तेच तेच विचार घोळणं कमी झालं होतं आणि मेंदूच्या संबंधित भागाची हालचालही मंदावलेली दिसली. जपानमध्ये तर १९८२पासून सरकारी वनखातं लोकांना 'शिनरिन-योकू' करायला, म्हणजे अरण्यात जाऊन तिथल्या हवेत न्हाऊन यायला सांगत आलं आहे. यांतला कुठलाही प्रयोग खास पाळी गेलेल्या बायकांवर केलेला नाही, हेही लक्षात ठेवा. पण 'डोक्यात सारखं तेच घोळतं' ही या वयातली नेहमीची तक्रार आहे, आणि तिच्यावर टेकडी हा उतारा करून पाहायला काहीच हरकत नाही. त्याचे दुष्परिणाम नाहीत, झाला तर पायाला काटा लागेल.

आणि चौथी गोष्ट अशी की झाडांतलं चालणं कंटाळवाणं होत नाही. पार्किंगमधली पन्नासावी फेरी पहिलीसारखीच असते. टेकडीवर तसं नसतं. माघ-फाल्गुनात पळस, पांगारा आणि काटेसावर निष्पर्ण फांद्यांवर लालभडक फुलतात. चैत्रात कडुनिंब मोहरतो, कोकीळ ओरडू लागतो. वैशाखात बहावा पिवळ्या झुंबरांनी लटकतो, करवंदं पिकतात. मिरगाच्या तोंडावर पावशा ओरडतो, पहिल्या पावसानंतर मखमली लाल किडे वाटेवर दिसतात. भाद्रपदात तेरडा आणि सोनकी येते. आज काय नवीन दिसेल या ओढीनं पाय निघतो, आणि व्यायामाचा लाभ तो नियमित केला तरच टिकतो. दुर्गाबाई भागवतांनी 'ऋतुचक्र' या १९५६ सालच्या पुस्तकात बारा महिन्यांचा हा निसर्ग टिपला आहे. घरात ते असेल तर काढा. महिन्याचं प्रकरण त्या त्या महिन्यात वाचायचं आणि दुसऱ्या दिवशी आपल्या वाटेवर काय दिसतं ते बघायचं.

आता जमवायचं कसं ते सांगते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२०ची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामाची आहे. म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास धरला तरी किमान पुरी होते. वेगाची खूण सोपी आहे. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. एका दमात अर्धा तास जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांनी सुरुवात करा, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचा व्यायाम हवाच, कारण हाडं आणि स्नायू त्यावरच टिकतात. त्यासाठी यंत्रं नकोत. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून दंड काढणं, पाण्यानं भरलेल्या लिटरच्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन वर-खाली करणं, एवढं पुरे. टेकडीवरून आल्यावर दगडी बाकावरही होतं.

पायात धरून ठेवणारे बूट हवेत, चपलेनं टेकडी चढू नये. साडी नेसूनच जायचं असेल तर जरूर जा, पण निऱ्या घोट्याच्या वर घ्या. अंगात सुती कपडा, वर एखादं पातळ जाकीट, म्हणजे वाफ आली की काढता येतं. वाटेत वाफ आलीच तर घाबरू नका, सावलीत थांबा, घोटभर पाणी प्या, दीर्घ श्वास घ्या. काही मिनिटांत ती ओसरते. मे महिन्यात आणि ऑक्टोबरच्या उन्हात सातच्या आत परत या. पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडांपासून सांभाळा, काठी घ्या. गुडघे दुखत असतील तर चढ चालेल, उतार बेतानं. उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो, म्हणून छोटी पावलं टाका आणि शक्य असेल तिथं नागमोडी उतरा.

एका गोष्टीबद्दल बायका बोलतच नाहीत, म्हणून मी बोलते. उतारावर, शिंकताना, हसताना लघवीचे थेंब जातात आणि त्या लाजेनं कितीतरी जणींनी फिरणं सोडलेलं असतं. हे सर्रास होतं आणि त्यावर उपाय आहे. लघवी मधेच थांबवताना जे स्नायू आवळतो, तेच स्नायू एरवी बसल्या-बसल्या पाच सेकंद आवळायचे, पाच सेकंद सैल सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. लघवी करताना मात्र हा व्यायाम करू नका. दोन-तीन महिन्यांत बहुतेकींना फरक जाणवतो. नाही जाणवला तर डॉक्टरांकडे या, पण फिरणं सोडू नका.

खाण्याबद्दल एकच सांगते. पाळी गेलेल्या स्त्रीला रोज सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. दूध-दही, तीळ, राजगिरा आणि आपली नाचणी यांतून ते बरंचसं मिळू शकतं. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक असतं. फिरून आल्यावर चहा-बिस्किटांऐवजी नाचणीची आंबील घ्या.

मैत्रिणींनो, आतापर्यंत सांगितलं ते सोपं होतं. अवघड भाग पुढेच आहे. सकाळी सहा वाजता घराबाहेर पडायचं म्हणजे डबे कोण करणार? सासऱ्यांचा चहा कोण ठेवणार? पाणी साडेसहाला जातं, ते कोण भरणार? चालण्याचा सल्ला ऐकून बाई मान डोलवते आणि दार उघडताना म्हणते, "बघते, वेळ मिळाला तर." तो वेळ मिळत नाही, कारण घरातला सगळ्यांचा वेळ तिच्या वेळातूनच काढलेला असतो. म्हणून घरातल्या पुरुषांनी थांबून ऐकावं असं मी सुरुवातीला म्हटलं. बायकोला रक्तदाबाची गोळी आणून देता ना? तसाच हा तास आणून द्या. चहा स्वतः करून घ्या, मुलीनं आणि मुलानंही आपापला डबा भरून घ्यावा. आणि ती परत आल्यावर 'झाली का हवा खाऊन?' असं विचारू नका. ती औषध घेऊन आलेली असते.

दुसरी अडचण भीतीची. निर्जन टेकडीवर एकट्या बाईनं जावं असं मी सांगणार नाही. चार जणींचा गट करा. आळीतल्या, भजनी मंडळातल्या, बचत गटातल्या कुणीही चालतील. गट असला की थंडीच्या पहाटे उठायला लाजेकाजेनं का होईना, पाय निघतो. मोबाइल जवळ ठेवा, ११२ हा मदतीचा क्रमांक लक्षात ठेवा, अंधारात जाऊ नका. आणि गटात हळूहळू ते बोलणंही होतं, जे घरात कुणापाशी करता येत नाही. 'तुलाही रात्री घाम येतो का गं?' एवढा प्रश्न मैत्रिणीनं विचारला तरी निम्मा भार उतरतो.

आता खेड्यातल्या बहिणींकडे वळते. हे भाषण शेतात ऐकणारी एखादी म्हणत असेल, "बाई, मी दिवसाला पाच कोस चालते, मला काय चालायला सांगता?" तिचं बरोबर आहे. डोक्यावर हंडा किंवा सरपणाचा भारा घेऊन चालणं आणि मोकळ्या हातांनी चालणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तिला चालणं नको आहे, तिला ओझं उतरवायला हवं आहे, पोटभर अन्न हवं आहे, विसावा हवा आहे. दिवस मावळताना पाच मिनिटं बांधावर काही न करता बसणं हेच तिचं औषध. तिथंच दुसरी गोष्टही सांगायला हवी. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची गर्भाशयं मोठ्या संख्येनं काढल्याचं प्रकरण २०१९मध्ये उजेडात आलं. राज्य सरकारनं समिती नेमली. पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. पाळी म्हणजे बुडालेली मजुरी, असा हिशेब ज्या कामात असतो, तिथं बाईला ऋतू परवडतच नाही. गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही काढले तर तिशी-पस्तिशीतच, एका दिवसात रजोनिवृत्ती येते, आणि हाडांची, हृदयाची झीज दहा-पंधरा वर्षं आधी सुरू होते. अंगावरून जातं म्हणून कुणी 'पिशवी काढून टाका' असं सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका. अशी शस्त्रक्रिया आधीच झाली असेल, तर हाडांची आणि हृदयाची तपासणी मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

चालणं हे उपचारांना पर्याय नाही, हेही ठळकपणे सांगते. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं तरी 'पुन्हा आली वाटतं' म्हणून गप्प बसू नका. ते बहुतेक वेळा साधंच काही निघतं, पण कधीकधी गर्भाशयाच्या कर्करोगाची ती पहिली खूण असते आणि लवकर कळलं तर इलाज चांगला होतो. चढताना छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा जास्त धाप असं झालं तर तिथंच थांबा आणि रुग्णालय गाठा. बायकांमध्ये हृदयविकार कधी नुसता थकवा आणि मळमळ बनून येतो. वाफांनी जगणं नकोसं झालं असेल तर सहन करत बसू नका. संप्रेरकांच्या गोळ्यांबद्दल २००२मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासामुळे जगभर धास्ती पसरली. नंतरच्या वर्षांत चित्र स्पष्ट झालं. साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या आणि इतर धोके नसलेल्या बहुतेक स्त्रियांना त्यांचा लाभ धोक्यापेक्षा जास्त असतो. स्तनाचा कर्करोग झालेल्यांनी किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास असणाऱ्यांनी त्या सहसा घेऊ नयेत, त्यांच्यासाठी दुसरी औषधं आहेत. निर्णय डॉक्टरांशी बोलून घ्यावा, शेजारणीच्या अनुभवावरून नाही.

जाता जाता टेकडीबद्दल. चालायला टेकडी हवी तर आधी टेकडी शिल्लक हवी. वेताळ टेकडीवरून रस्ता काढण्याच्या योजनेविरुद्ध २०२३मध्ये पुणेकरांनी मोर्चा काढला, त्यात रोज तिथं फिरणारी माणसं होती. नाशिकला चामर लेणी, नागपूरला सेमिनरी हिल, साताऱ्याला अजिंक्यतारा, मुंबईत बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, आणि गावोगावच्या देवराया, गायरानं, तळ्यांचे काठ. ही गरीब बाईचीही व्यायामशाळा आहे आणि तिला बहुतेक ठिकाणी महिन्याची फी नाही. तिथं एखादा दिवा लागावा, वाटेवर स्वच्छतागृह असावं, बसायला बाक असावा, ही मागणी नगरसेवकापाशी बायकांनी करायला हवी. टेकडीवर बायका फिरेनाशा होण्याचं कारण अनेकदा चढ नसतो, स्वच्छतागृह नसणं हे असतं.

शेवटी एक छोटं काम देते. आपल्याकडच्या बहुतेक घरांत भिंतीवर कालनिर्णय असतं. पाळीच्या तारखेला कोपऱ्यात एक बारीकसं टिंब करायची सवय पुष्कळजणींना आहे, घरात कुणाला कळू नये असं टिंब. ते करत राहा. दोन टिंबांत किती अंतर पडलं, बारा महिने कधी पुरे झाले, हे त्यावरूनच कळेल आणि तुमच्या डॉक्टरांना दहा तपासण्यांपेक्षा त्याचा उपयोग होईल. पण आता त्याच्या शेजारी आणखी एक खूण करा. ज्या दिवशी चाललात, त्या दिवशी फुली मारा. आणि त्या दिवशी वाटेवर काय दिसलं ते एका शब्दात लिहा. 'पळस.' 'मोर.' 'धुकं.' ही खूण लपवायची गरज नाही, चांगल्या ठळक पेननं लिहा. वर्ष संपेल तेव्हा त्या पानांवर टिंबं कमी झालेली असतील. फुल्या आणि शब्द वाढलेले असावेत, एवढीच इच्छा.

उद्या सकाळी फक्त दहा मिनिटं.